शाळेतून बोलतेय

गायकवाडबाई गेल्याची बातमी शाळेच्या फोनवर आली, आणि तो फोन मी उचलला. मधल्या सुट्टीची वेळ होती, शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले जात होते. बाईंच्या धाकट्या भावाने मोजक्या शब्दांत सांगितले... झोपेतच गेल्या. मी रिसीव्हर ठेवला आणि सर्वांसमोर उभी राहून ते सांगितले. या दोन्ही गोष्टी मला जमल्या, हे संध्याकाळी घरी गेल्यावर ध्यानात आले. या शाळेत रुजू झाले तेव्हा फोनची घंटा वाजताच मी वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गाची वाट धरत असे.

माझी एम.एस्सी. आणि बी.एड.ची प्रमाणपत्रे डोंबिवलीच्या घरी कपाटात वर्षानुवर्षे पडून होती. चाळिशी उलटल्यावर, मुले आपापल्या मार्गाला लागल्यावर, विठ्ठलवाडीतल्या या लहानशा खासगी शाळेत मी विज्ञान शिकवू लागले. मुलांसमोर बोलता येई. मोठ्या माणसांसमोर ते जमत नसे. त्याच वर्षी गायकवाडबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. दहावीचा निकाल तेव्हा घसरत चालला होता. पालक सभेला येत नाहीत, फोनही उचलत नाहीत, अशी आमची एकमुखी तक्रार. बाईंनी चौकशी केली, तेव्हा एका पालकाने शाळेचा नंबर मोबाइलमध्ये ‘कटकट’ या नावाने ठेवल्याचे निघाले. बाई मनापासून हसल्या. त्यात त्या पालकाचे काय चुकले, असे त्यांनी आम्हालाच विचारले.

मग त्यांनी स्वतःचे सांगितले. त्यांच्या आईला शाळेतून आयुष्यात एकदाच बोलावणे आले होते. कामावर खाडा करून ती आली आणि मुलगी वर्गात फार बोलते, एवढे ऐकून परत गेली. मुलगी वर्गात पहिली आहे, हे तिला कोणीच सांगितले नाही. म्हणून आता रोज शाळा सुटल्यावर प्रत्येक शिक्षकाने एका घरी फोन करायचा, त्या मुलाची एक चांगली, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगायची आणि फोन ठेवायचा. “‘पण’ म्हणायचं नाही,” बाई म्हणाल्या. “ते विचारतील, ‘आणि?’ तुम्ही म्हणायचं, ‘आणि काही नाही.’” उद्यापासून घरोघरी हारतुरेही पाठवू या का, असे पाटीलसरांनी विचारले. “तुम्ही आधी फोन तर लावा, सर,” बाई शांतपणे म्हणाल्या.

माझा पहिला फोन दहावीतल्या तनुजाच्या वडिलांना होता. ते कल्याण स्टेशनबाहेर रिक्षा चालवत. बोलायचे वाक्य मी आधी कागदावर लिहून काढले होते. प्रयोगशाळेत तनुजाच्या जोडणीतला दिवा लागला नाही. बाकीच्या मुली निघून गेल्या. ती मात्र एकेक तार पहिल्यापासून तपासत बसली आणि दिवा लागल्यावरच उठली. पलीकडे रहदारीचा आवाज. मग प्रश्न आला, “आणि?” मी म्हणाले, “आणि काही नाही.” फोन बंद करायच्या आधी ते कोणालातरी सांगत असल्याचे ऐकू आले, “शाळेतून होता रे. काय नाय, पोरीचं कौतुक करत होते.” त्यानंतर मला कागद लागला नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. काही महिने लागला.

खरी कसोटी पूर्वपरीक्षेच्या तोंडावर आली. तनुजा शाळेत येईनाशी झाली. तिच्या घरी फोन लावायला आम्ही बसलो, तोच घंटा वाजली. मी उचलला... तिचे वडीलच होते. शाळेला आपणहून फोन करणारे ते पहिले पालक. “बाई, तुम्ही चांगलंच सांगता नेहमी, म्हणून केला. पोरगी गणिताला घाबरलीय, दहावीला बसणारच नाही बोलते.” मी रिसीव्हर गायकवाडबाईंपुढे धरला. त्यांनी तो माझ्याच हातात परत दिला.

तनुजा फोनवर आली. दिवा लागला नव्हता तेव्हा तू काय केलं होतंस, एवढेच मला सुचले.

“तार सुटलेली. पहिल्यापासून बघत गेले.”

“गणितही तसंच बघू. उद्या ये.”

ती आली. तिच्यामागून हळूहळू, कुठे कुठे अडकलेली आणखी मुलेही आली, कारण आता त्यांच्या घरचे फोन उचलले जात होते. त्या वर्षी आमचा दहावीचा सगळा वर्ग उत्तीर्ण झाला. तनुजाच्या वडिलांनी शाळेच्या फाटकाशी रिक्षा उभी करून इतका हॉर्न वाजवला, की पाटीलसरच त्यांना आत घेऊन आले.

बाईंच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाला, तनुजा भेटली. कोलशेतच्या एका कारखान्यात ती आता विद्युत विभागात आहे. तिच्या हाताखालच्या मुलांचे काम चांगले झाले की ती ते आवर्जून बोलून दाखवते. “मग चूक झाली की तीच धावत येतात सांगायला, मॅडम. लपवत नाहीत,” ती म्हणाली. बाईंच्या आई कोपऱ्यात बसून होत्या. त्या दिवशी मला त्यांच्याशी बोलणे जमले नाही.

काल शाळा सुटल्यावर फोनजवळच्या त्या लाकडी स्टुलावर बसून मी बाईंच्या घरचा नंबर लावला. आईंनीच उचलला.

“शाळेतून बोलतेय,” मी म्हणाले. “तुमच्या मुलीबद्दल सांगायचं होतं.” आणि मी सांगत गेले... दिव्याचे, निकालाचे, त्या हॉर्नचे. कागद नव्हता.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग सावधपणे विचारले, “आणि?”

“आणि काही नाही, आई.”