डोमाजीचा ‘येतो’

“मंग ‘कै.’ लिवाले तुले जड काहून जाते?” मैनाबाईचा आवाज चढला होता. “बारा वर्षं झाली, वर चार झाली. पोटचा पोरगा माहा, अन् मीच म्हणून राहिली, पुतळा जाळा.”

“जाळा ना,” तिची सून भागीरथा म्हणाली. तिचे हात परातीतल्या कणकेत होते. “उद्या ते दारात उभे राह्यले म्हणजे कोण हाय म्हणून विचारसान, आत्याबाई?”

धाकटा दीर नत्थुजी पुतणी शालूच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन भिंतीला टेकला होता. अकोल्याच्या मुलाकडच्यांनी एकच गोष्ट विचारली होती, मुलीचा बाप आहे की नाही. ‘श्री.’ छापलं तर मांडवात बाप दाखवावा लागणार. ‘कै.’ छापलं तर आधी बेपत्ता बापाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा आणि भागीरथेचं कुंकू उतरायचं. अमरावतीचा छापखाना थांबायला तयार नव्हता.

“वैनी, काय ते एक सांगा. ‘श्री.’ अन् ‘कै.’च्या मधात काही असते का, हे तं छापखानेवाल्यालेही ठाऊक नाही.”

मधलं काही भागीरथेच्या नवऱ्याला, डोमाजीलाच ठाऊक असायचं. वलगावजवळच्या या गावात त्याला दोन गोष्टींसाठी ओळखत. त्याची तिफण सरळ चालायची, आणि दिवाळीनंतर देवळासमोर होणाऱ्या दंडारीच्या खेळात त्याचं सोंग बघायला शेजारच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. सोंग साधंच. घरात भांडलेला एक माणूस आणि आत बसलेली त्याची बायको. शेवटी तो दाराच्या दोन बांबूंमध्ये उभा राही, अर्धा आत, अर्धा बाहेर, वहाणा हातात. आत येणाराही वहाणा हातात घेतो, निघणाराही घेतो. मग तो म्हणे, “येतो.” निघताना ‘जातो’ कोणीच म्हणत नाही, त्यामुळे शब्दावरूनही काही कळायचं नाही. तेवढ्यात बत्तीपुढं घोंगडं धरत आणि दंडार संपे.

गेला की आला, यावर गावात वर्षभर वाद चाले. विहिरीवर बायकांमध्ये दोन तट होते. एकीनं तर शपथेवर सांगितलं की उजवा पाय आत होता. डोमाजीला विचारलं तर तो तंबाखू मळत म्हणे, “तुमाले काय दिसलं?”

सोळा वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत तो अकोल्याच्या बाजाराला म्हणून निघाला. आदल्या दिवशी घरात भांडण झालं होतं, कशावरून ते आता कोणालाच आठवत नाही. भागीरथा शालूला पाजत बसली होती. तो दारात उभा राहिला, वहाणा हातात. “येतो,” म्हणाला. ती मान न उचलता “हो” म्हणाली.

त्यानंतर तो लोकांना दिसत राहिला. कोणाला दर्यापूरच्या मोटारीत, कोणाला मोझरीच्या गर्दीत. सगळ्यांना पाठमोराच. भागीरथेनं दाराला कडी लावणं सोडलं, दार नुसतं लोटलेलं असे. वाऱ्यानं ते हललं की तिची नजर आधी खाली जाई, वहाणा आहेत का म्हणून. दंडारीत आता सूर्यभान ते सोंग घेई. तो शेवटचा शब्द देवळापासून घरापर्यंत ऐकू येई, आणि त्या एका शब्दापुरता आवाज सूर्यभानचा नसे. या घरातून निघताना ‘येतो’ म्हणणं सगळ्यांनीच टाकून दिलं होतं. नत्थुजी शेतात जाताना नुसता उठून चालू लागे, एखाद्या परक्यासारखा.

मैनाबाईनं आज सूर्यभानलाच बोलावून घेतलं. डोमाजीनं त्याला सोंग शिकवलं होतं, तेव्हा शेवट काय तो त्याला माहीत असणारच, असा तिचा हिशेब होता.

“गेला का आला, एवढं सांग,” ती म्हणाली.

सूर्यभान टोपी काढून बसला. “ते सोंगात नव्हतंच, काकू. मले म्हणे, ‘येतो’ म्हणाचं अन् बाईकडं पाहाचं. बाई उठली तं तू आला. बसून राह्यली तं गेला.”

“अन् बाई कोण होये?”

“बुधाजी. त्याचा पाय लुगड्यात अडके, म्हणून तो कधी उठलाच नाही. डोमाजी दरसाल त्याच्याकडं पाहे. घोंगड्याआड लोकाइले काय दिसते?”

नत्थुजीला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. दार जरासं हललं. भागीरथेनं खाली पाहिलं. उंबऱ्यापाशी सूर्यभानच्या वहाणा होत्या.

“म्हणजे तू उठली नाही,” मैनाबाई म्हणाली.

“पोरगी अंगावर होती, आत्याबाई.” भागीरथेनं कणीक झाकून ठेवली. “तुमी तं अंगणात उभ्याच होत्या. तुमाले उठाचंही काम नव्हतं.”

मैनाबाईनं पदर तोंडाला लावला.

भागीरथेनं हात धुतले, दारापर्यंत गेली, बाहेरच्या रस्त्याकडं पाहिलं आणि परत येऊन मधोमध उभी राहिली.

“भाऊजी, लिवा. नाव नुसतं टाका. ‘श्री.’ नाही, ‘कै.’ नाही. पुतळा कोणी जाळाचा नाही. कन्यादान तुमी कराचं. अन् आज रातच्यापासून दाराले कडी लागन.”