क्योलरबाईंची दोन झाकणं

त्या वर्षी माझी प्रार्थना कोरडी पडली होती, हे आधीच सांगून टाकते. ब्राउनश्वाइगच्या ख्रिस्ती महिला महाविद्यालयात चर्चच्या मंडळीच्या सेवेचं शिक्षण घ्यायला मी गेले, तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ उपासना, जेवणाआधी आभार, सगळं रीतसर चालायचं. मी नुसते ओठ हलवायची. याचं कारण मला ठाऊक होतं, पण ते कबूल करायला वर्ष गेलं.

कॉलेजात मुलींचं एक मंडळ होतं. दर गुरुवारी तळमजल्यावरच्या एका खोलीत शेगडीभोवती बसायचं, मोजे रफू करायचे, कॉफी प्यायची, आणि शनिवारी निर्वासितांच्या बराकींत जाऊन तिथल्या मुलांना खेळवायचं. त्या परक्या देशात माझं म्हणावं असं घर ते एवढंच. पण सभासद उरल्या होत्या अकरा. आमच्या मुख्य बाई, त्यांना सगळे ओबेरिन म्हणत, त्यांनी ऑक्टोबरातच बजावलं होतं की उन्हाळी संमेलन चांगलं पार पाडून दाखवा, नाहीतर मंडळ बंद आणि त्या खोलीत धुतलेल्या चादरी ठेवू.

मंडळाची प्रमुख गिझेला. तिचं स्वतःचं घरदार युद्धात पूर्वेकडे सुटलेलं, त्यामुळे ही खोली काही झालं तरी वाचवायचीच, असं तिने ठरवलं. पहिल्याच गुरुवारी तिने मला सहज विचारलं, "वडील काय करतात?" माझे अप्पा नगरकडचे ख्रिस्ती कीर्तनकार. धोतर नेसून, हातात चिपळ्या घेऊन येशूचं आख्यान लावायचे, आणि आसपासच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून ऐकायला यायचे. मी काय सांगितलं? "चर्चमध्ये पाळक आहेत." नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावतात, त्यातली चौथी पेटवताना तिने विचारलं, तुमच्याकडे भजनं कशी म्हणतात? म्हटलं, तुमच्यासारखीच, ऑर्गनवर. मार्चमध्ये स्त्रियांच्या प्रार्थनादिनी तर सगळ्या मागेच लागल्या, तुझ्या भाषेतलं काहीतरी म्हण. मी त्यांच्याच एका गीताचं भाषांतर म्हणून मोकळी झाले. चिपळ्या वाजवत नाचणाऱ्या माझ्या बापाला ही टापटीप माणसं हसतील, अशी मला भीती होती. भीती कसली, लाजच होती ती.

संमेलनासाठी गिझेलाने दुसऱ्या गावचा एक नावाजलेला गायकवृंद ठरवला. आम्ही अकराजणींनी दुकानादुकानांत हाताने लिहिलेली पत्रकं लावली. जुलैतल्या त्या दुपारी सभागृह असं भरलं की खिडक्यांत माणसं बसली. आणि सुरू व्हायला अर्धा तास असताना फोन आला की गायकांची बस वाटेत बंद पडली आहे, ते येऊ शकत नाहीत. गिझेला खाली पायरीवरच बसली. "झालं, संपलं," एवढंच म्हणाली.

मी स्वयंपाकघराशेजारच्या बोळात जाऊन उभी राहिले आणि कितीतरी महिन्यांनी मनापासून म्हटलं, प्रभू, कुणाला तरी पाठव. तेवढ्यात आतून पातेल्यांची दोन झाकणं एकमेकांवर आपटली. खणखणीत, थेट अप्पांच्या साथीदाराच्या झांजेसारखी. आत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या क्योलरबाई भांडी घासत होत्या. वर्षभरात त्यांच्या तोंडून "या", म्हणजे जर्मनमधलं "हो", एवढा एकच शब्द मी ऐकला होता. मी मात्र तिथेच थिजले. तीनदा नाकारलं होतं मी माझ्या बापाला. येशूला तीनदा नाकारल्यावर त्याच्या शिष्याला, पेत्राला, कोंबडा ऐकू आला, मला झाकणं.

आत गेले आणि एका दमात सांगून टाकलं की मला गायला उभं राहायचंय, ताल धराल का? बाईंनी हात पुसले, झाकणं उचलली आणि माझ्यामागे निघाल्या.

मी पदर खोचला आणि पेत्राचंच आख्यान लावलं. कथा जर्मनमध्ये, पद मराठीत: "धर माझा हात प्रभू, धर माझा हात." शेकोटीपाशी पेत्र "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो, तिथे मी थांबले आणि माझी तीन खोटी उत्तरंही सगळ्यांसमोर सांगितली. मग सवयीने खाली बसले. आमच्याकडे पूर्वरंग संपला की कीर्तनकार बसतो, त्याला हार घालतात, लोक भजन म्हणतात. इथे कोण भजन म्हणणार! त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. टाळी नाही, आवाज नाही. काहींनी टोप्यासुद्धा हातात घेतल्या. मी डोळे मिटले आणि म्हटलं, आता तूच बघ.

मागून झाकणं वाजली. आणि क्योलरबाई, कधी न बोलणाऱ्या, भसाड्या आवाजात आणि मोडक्या मराठीत गाऊ लागल्या: "धर माझा हात." गिझेलाने सूर मिळवला, मग आमच्या सगळ्या मुली, मग पहिली रांग, मग खिडक्यांतली माणसं. मी उठले ती नाचतच उठले. उत्तररंग असा रंगला की ओबेरिनबाईंचा पाय ठेका धरताना मी स्वतः पाहिला. शेवटी त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "चादरींसाठी दुसरी जागा बघू." गिझेला माझ्या गळ्यात पडून रडली. पुढच्या गुरुवारी खोलीत बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत.

त्या बाईंना ते पद एकदा ऐकून कसं आलं, मला माहीत नाही. विचारलं तर नुसतं "या" म्हणाल्या. मीही मग खोलात गेले नाही. देवाने ज्याच्या हातून मदत पाठवली त्याचे हात धरावेत, एवढं मला कळलं. आणि हेही की मी जे लपवत होते, तेच त्याने माझ्याकडे मागितलं. ते देऊन टाकल्यावर प्रार्थना आपोआप परत आली.

अप्पांना मी सगळं लिहिलं, नाकारलं तेही. दीड महिन्याने पार्सल आलं. आत त्यांच्या चिपळ्या आणि एक ओळ: "उत्तररंग घाईत उरकला नाहीस ना?"

आज कुणी विचारलं, वडील काय करायचे, तर मी प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगते: कीर्तनकार होते.