हातामागून येणारी रेघ

त्यांना गल्लीत सगळे पेंटर म्हणूनच ओळखत. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची ही त्यांची मिजास होती. मग झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जीभ मात्र शाबूत राहिली. "नको तेच नेमकं वाचलं," असं ते स्वतःच म्हणायचे.

सून एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी करायची. तिनं आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खिडकीपाशी आणून ठेवला, सोबत त्याला जोडून चित्र काढायची पाटी आणि तिचं पेन.

"बाबा, डावा हात रिकामाच बसलाय ना?"

"त्याला आजवर मी नुसतं डबे धरायला ठेवलाय, सूनबाई."

"मग आता बढती द्या."

बढती द्यायला हिवाळा गेला. पण जमलं. इतकं की बालवाचनालयाच्या बाईंनी मुलांच्या खोलीतली अख्खी भिंत त्यांच्या हवाली केली. पेंटरनी झाड घेतलं, भिंतभर पसरलेलं, फांदीफांदीवर पक्षी. चित्र कॉम्प्युटरवर पुरं करायचं आणि छापखान्यानं ते मोठ्या कापडावर छापायचं, असं ठरलं. प्रत्येक पक्षी ते वेगळ्या थरावर, जणू वेगळ्या पारदर्शक कागदावर, काढायचे. जन्मभर एकदा लागलेला रंग पुसता आला नव्हता. आता हवा तो पक्षी उचलून दुसऱ्या फांदीवर बसवता येतो, याचंच त्यांना अप्रूप.

झाड निम्मं भरलं आणि काहीतरी बिनसलं. पेन पुढे जायचं, रेघ मागे राहायची. ती आली की एकदम धावत यायची आणि वळणाच्या जागी कोपरा करून बसायची. चोचीचं टोक डोळ्यात घुसायचं. पेंटरच्या मनात पाल चुकचुकली. डावाही चालला वाटतं. उजवा गेला तेव्हाही अशीच सुरुवात झाली होती, ब्रश एकीकडे आणि मन दुसरीकडे.

ते कुणाला बोलले नाहीत. आज मान धरलीय, आज उजेड बरा नाही, अशी कारणं सुरू झाली. खुर्चीवर धूळ बसली. जेवताना घास घेऊन झाला की ते डावा हात ताटाआड लपवायचे. वाटी उचलायची वेळ आली की समोरचं कुणी बघत नाही ना, ते आधी पाहायचे.

एका रविवारी बाईंचा निरोप आला, चित्र कुठवर आलं? बाबा पडून होते, म्हणून सुनेनंच चित्र उघडलं. एका पक्ष्याची शेपटी अर्धी राहिली होती. तिला राहवलं नाही. तिनं पेन उचललं आणि एक पीस ओढलं. रेघ अडली, मग फटकन आली, वाकडी. तिनं पुसून पुन्हा ओढलं. तेच.

ती तशीच आत गेली. "बाबा, रेघ मागे राहते म्हणून बंद केलंत का काम?"

पेंटर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हात गेला गं. सांगायचा धीर झाला नाही."

"उठा. इकडे या."

तिनं त्यांच्यासमोर पुन्हा एक पीस ओढून दाखवलं. "हा माझा हात आहे. धडधाकट. तरी बघा काय झालं."

पेंटर त्या वाकड्या पिसाकडे वाकले. मग डोळे पुसायला त्यांनी डावाच हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दोघं कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं चित्र उघडून मेमरी कशी भरते ते दाखवलं. एवढं भिंतभर चित्र, त्यात एवढे थर. जागा संपली की यंत्र सामान डिस्कवर नेऊन ठेवतं, लागलं की परत आणतं, आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो.

"थर एकत्र करून टाका, आहे त्यात भागेल," तो म्हणाला.

"पक्षी नाही चिकटवायचे," पेंटर म्हणाले.

"मग बत्तीस जीबी मेमरी घाला. तिची एकच पट्टी घेता, की सोळाच्या दोन?"

"फरक काय?" सुनेनं विचारलं.

"दोन सारख्या, जोडीनं लावल्या की यंत्र दोन्हीकडून एकदम घेतं. तुमच्या यंत्राला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यासाठीही ते यातूनच घेतं. जोडीचा फायदा होईल. आणि तरी चारांतल्या दोन खाचा पुढे वाढवायला मोकळ्या राहतील."

"चौसष्ट घालू?" तिनं बाबांकडे पाहिलं.

"एका झाडाला कशाला एवढं? जोडीचं द्या," पेंटर म्हणाले. "एका हाताचं काम काय असतं, ते मी भोगलंय."

घरी येऊन त्यांनी शेपटीच घेतली. रेघ पेनाच्या टोकाला चिकटून आली. थोडी थरथर होती, पण ती त्यांची स्वतःची होती, आणि तेवढी त्यांना सांभाळता येत होती. सून मागे उभी होती. तिला बसायला सांगायचं त्यांना सुचलंच नाही, ते पुढच्या पक्ष्याला लागले होते.

कापड भिंतीवर चढलं तेव्हा मुलं पक्षी मोजायला लागली आणि दर वेळी आकडा चुकायला लागला. पेंटर तिथल्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, हे सगळे तुम्ही काढलेत?"

"एक पीस सुनेचं आहे," ते म्हणाले. "वाकडं आलंय, पण मी पुसलं नाही."

ती मुलगी ते पीस शोधायला झाडाकडे पळाली.