पाचवीचा पाट

मोठ्या बाई कामावर असताना कधी खुर्चीत बसल्या नाहीत. खुर्ची होती, चांगली वेताची, त्यांच्यासाठीच मागवलेली. तिच्यावर धुतलेल्या चादरींची चळत असायची. मी सोलापूरच्या प्रसूतिगृहात त्यांच्या हाताखाली नवी नर्स म्हणून लागले तेव्हा न राहवून विचारलं, बाई, तुम्ही बसत का नाही? म्हणाल्या, "बसलेल्या बाईला कुणीही येऊन उठवतं. कमिटीचे मेंबर आले, ऊठ. डॉक्टर आले, ऊठ. कंपाउंडर आला तरी त्याला वाटतं, हिनं उठावं. उभ्या बाईला काय करतील?" पायांच्या शिरा मात्र सुतळीसारख्या वर आल्या होत्या त्यांच्या.

एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघीही विधवा, पुण्याला नर्सिंग शिकून आलेल्या. रस्त्यानं चाललो की टांगेवाले खाकरायचे. भाड्यानं खोली द्यायला कुणी तयार नसे. घरात बायकामुलं आहेत म्हणत, जशी काही आम्ही देवीची साथच घेऊन येणार होतो. मी चिडायची, डोळ्यांत पाणी आणायची. बाई म्हणायच्या, "रडायचं ते घरी जाऊन रड." आणि पुढे पुटपुटायच्या, "घरी गेलं की झोपच येते मेली." खरंच होतं ते. रडायला ताकद उरायची नाही.

डॉक्टरांपुढे बाई सदा "हो साहेब." सकाळी डॉक्टर सांगायचे खिडक्या उघडा, दुपारी विचारायचे कुणी उघडल्या. बाई दोन्ही वेळा हो साहेब म्हणत आणि खिडक्या स्वतःला हव्या तशा ठेवत. मला राग यायचा. एकदा म्हटलं, तुम्ही बोलत का नाही? तर म्हणाल्या, "वाद घालायला जोर लागतो. जोर बाळंतिणीसाठी ठेवायचा."

आमची खरी डोकेदुखी पाचव्या दिवसाची. बाळंतपण झालं की बाईनं दहा दिवस दवाखान्यात राहावं, असा नियम. पण चौथा दिवस उजाडला की सासवा टांगा घेऊन दारात. पाचवीला सटवाई पुजायची, ती येऊन बाळाचं नशीब लिहिणार. एक म्हातारी मला म्हणाली, "सटवाईला तुमचा दवाखाना म्हाईत हाय व्हय? ती घरीच जाईल की. पोर न्हाई दिसलं तर काय लिवायचं तिनं?" झालं, कच्ची बाळंतीण मिलच्या चाळीतल्या धुरात जाऊन पडायची आणि आठवड्यानं तापानं फणफणून परत यायची. काही परत यायच्याच नाहीत.

मग बाईंनी सटवाईलाच दवाखान्यात आणलं. खाटेशेजारी पाट मांडायचा, पाटावर वरवंटा, तांदळाची रास, तेलाचा दिवा, आणि सटवाईला लिहायला एक कोरा केसपेपर नि दौत-टाक. पूजा सासूनं करायची. दिवेलागणीला हे सगळं मांडून झालं की बाई आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायचो. ज्या पोराला बाईंनी पहिल्यांदा हातात घेतलं, त्याच्या पूजेला विधवेची सावली चालत नव्हती. मला ते फार लागायचं. बाई म्हणायच्या, "बायका दहा दिवस राहतात ना? मग झालं."

आणि राहत होत्याच की! खाटा पुरेनाशा झाल्या.

मग नवे डॉक्टर आले. केसपेपर देवापुढे ठेवतात म्हणून कंपाउंडरनं जाऊन सांगितलं. डॉक्टर कडाडले, हा दवाखाना आहे की देऊळ? पूजा बंद. बाई म्हणाल्या, "हो साहेब." मला वाटलं, खिडक्यांसारखंच करतील. पण डॉक्टरांनी पाटसुद्धा जप्त करून आपल्या खोलीत ठेवला.

त्याच आठवड्यात गोदा नावाची चाळीतली पोर बाळंत झाली. जेमतेम सतरा-अठराची, बाळंतपण फार अवघड गेलेलं. चौथ्या दिवशी तिची सासू आली. बाईंनी तिचे हात धरले. विधवेनं हात धरलेले तिला आवडले नाहीत, तरी सोडवले नाहीत. म्हातारी एवढंच म्हणाली, "पूजा हुईल का हितं, सांगा. न्हाईतर नेते." बाईंनी दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांकडं पाहिलं. ते म्हणाले, नेऊ दे, खाट मोकळी होईल.

बाई काम सुटल्यावर रोज चालत चाळीत जात, गोदाला पाहून येत. नवव्या दिवशी ती गेली. पोर वाचलं.

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, पाट उचलला आणि सगळ्यांच्या देखत वॉर्डात आणून ठेवला. कमिटी बसली. लेखी माफी द्या, नाहीतर घरी जा. इतकी वर्षं हो साहेब म्हणणाऱ्या बाई या वेळी नाही म्हणाल्या. मोठ्यानं नव्हे, आम्ही नेहमी बोलतो तितक्याच आवाजात.

मोडनिंबला ओळखीच्या घरी राहून बाळंतपणं करायची, असं त्यांनी ठरवलं. त्यांना पोचवायला मी मोटारस्टँडवर गेले. सामान टपावर चढत होतं तेवढ्यात गोदाची सासू दिसली. छातीशी धरलेलं गोदाचं पोर, मागे धाकटी सून, दिवस भरलेली, कळा सुरू झालेल्या. दवाखान्यात चौकशी करून ती तशीच इकडं आली होती.

"हिला टाकून कुटं चाललीस बाई?" म्हातारी म्हणाली. "एक गेली माजी. हिचं कोण करनार?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या इतक्या दमलेल्या मला कधी दिसल्या नव्हत्या. "ही करील," म्हणाल्या. मग मला, "टांगा बघ आधी. दहा दिवस ठेव हिला."

"आणि पाचवी?" मी विचारलं.

"ते तू ठरव."

पोरगी कळवळत होती. मी तिला टांग्यात चढवलं, म्हातारीला चढवलं. बाईंच्या पाया पडायचं होतं, चार शब्द बोलायचे होते, ते सगळं राहिलं. मोटार कधी सुटली तेही कळलं नाही मला. त्यानंतर बाई मला भेटल्या नाहीत.

धाकटीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी दिवेलागणीला मी पाट मांडला, कोरा केसपेपर ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. सकाळी डॉक्टरांनी बोलावून विचारलं, कुणाच्या हुकमानं?

मी म्हटलं, माझ्या.