इतर कौशल्ये : निरंक

मित्रांनो, आज चारठाण्यात मला माझीच लाज वाटली.

बोंडअळीची पाहणी होती. मी प्रश्नावली वाचत होतो आणि शेतकरी बायका गप्प. मग माझी पीएचडीची विद्यार्थिनी सुजाता उठली आणि पथनाट्यातल्यासारखी स्वतःच अळी होऊन बोलू लागली. बायका हसल्या, भडाभडा सांगू लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "सर, तुमी काय इचारायलाव ते कळंना. ही पोरगी लय झ्याक सांगायलीय."

सुजाता पथनाट्यं करते, आणि त्यावरूनच मी तिला दोन वर्षं झापतोय. तिच्या सहामाही अहवालात 'इतर कौशल्ये' या रकान्यात दर वेळी 'निरंक' लिहितोय.

परतताना तिनं नवा अहवाल सहीसाठी पुढं केला. या वेळी 'निरंक' तिनंच लिहून आणलं होतं.

गाइड मंडळी, तुमच्या सहीखाली अशी किती 'निरंक' पोरं आहेत?