शेजारच्या टेबलावरचं ताट

गिऱ्हाइकानं एखाद्या पोराला आईवरून शिवी दिली, की आमचे कॅप्टन त्या पोराला जेवायला बसवत. आत भटारखान्यात नाही, बाहेर, त्याच गिऱ्हाइकाच्या शेजारच्या टेबलावर. पोराच्या हातातला ट्रे काढून घेत, खांद्यावरच्या नॅपकिननं टेबल पुसत, पाणी भरत आणि कमरेत जरा वाकून विचारत, "काय घेणार?" मग स्वतः वाढत. कळण्याची भाकरी, शेवभाजी, कांदा, लिंबू. आणि वर आग्रह: "घ्या ना अजून, काहीच खाल्लं नाही तुम्ही."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी गल्ल्यावर होते. नशिराबादहून येणारा रोहित नावाचा मुलगा होता, कॉलेज करून संध्याकाळी आमच्याकडे काम करायचा. हायवेवरून आलेल्या एका कुटुंबाला त्यानं रश्श्याची वाटी द्यायला उशीर केला. बाप माणूस, शेजारी बायको-मुलं बसलेली, आणि तोंडातून जे निघालं ते मी इथं लिहू शकत नाही. कॅप्टन एक शब्दही उलट बोलले नाहीत. रोहितला खुर्चीत बसवलं आणि वाढलं. पोरगा बिचारा घास हातात धरून बसला होता. "जेव, जेव," कॅप्टन म्हणाले, "पाहुण्यानं लाजायचं नसतं." त्या माणसाची बायको ताटात बघत राहिली.

ते लोक गेल्यावर मी भडकले. "कॅप्टन, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? गिऱ्हाईक परत येईल का?"

"वहिनी, मी त्यांना काही बोललो का?"

"नाही."

"त्यांना वाढायला कमी केलं?"

"नाही."

"मग झालं तर."

मी पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले.

कॅप्टन म्हणजे हॉटेलात वेटरांवरचा माणूस. ऑर्डर घेणं, टेबलं सांभाळणं, पोरांना शिकवणं हे त्याचं काम. आमचे कॅप्टन चोपड्याचे, साठीला टेकलेले, मिशा काळ्याभोर रंगवणारे. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. ते काही साधुसंत नव्हते. वाटीत अंगठा बुडवून आणणाऱ्या पोराला आत नेऊन असे फाडत की मला मिक्सर लावावा लागे, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. खिशात मोबाईल दिसला की काढून पिठाच्या डब्यावर ठेवत. आणि खोटं तर बेधडक बोलत. बाजारातून आणलेली वांगी भाजताना गिऱ्हाइकाला सांगत, "आत्ताच शेतातून तोडून आणलीत साहेब, देठ बघा." देठ बघायला अजून कोणी उठलं नव्हतं.

गिऱ्हाइकांबद्दल त्यांचा एक हिशोब होता. "जेवणाआधी ओरडतो तो भुकेला असतो, जेवल्यावर ओरडतो तो तसाच असतो." त्यामुळे आल्या आल्या आवाज चढवणाऱ्याला ते काही लावून घेत नसत. गुपचूप भाजलेला पापड आणि कांदा समोर ठेवत, आणि खरोखर तो माणूस दोन घासांत निवळे. पोरांनाही हेच शिकवलं होतं. पण खाऊन झाल्यावर चुटकी वाजवून "ए, इकडे ये" म्हणणारा, फोन दाखवून "रिव्ह्यूत एकच स्टार देईन, नोकरी घालवीन तुझी" म्हणून मुलीला रडवणारा, नॅपकिन तोंडावर फेकणारा, अशांना पापड नव्हता. अशा वेळी शेजारचं टेबल पुसलं जायचं. इतकी वर्षं धंद्यात आहे, तरी शिकलेली, चांगल्या घरची माणसं एकोणीस वर्षांच्या पोराशी काय बोलतात हे ऐकून मी अजून हबकते.

हॉटेलची जागा माझ्या थोरल्या दिरांची. त्यांना सगळे मोठे भाऊ म्हणतात. त्यांच्या कानावर हा प्रकार गेला तेव्हा ते हॉटेलात आले आणि सगळ्यांसमोर कॅप्टनना म्हणाले, "हे नाटक पुन्हा दिसलं, तर त्याच दिवशी घरी जायचं." कॅप्टन मान हलवून "हो भाऊ" म्हणाले. साठीच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. मला वाटलं, संपलं.

मग मोठ्या भाऊंच्या मुलीचं जमत आलं. मुलगा धुळ्याचा, मोठं घर. तो, त्याचे वडील आणि काका बोलणी करायला आले आणि मोठ्या भाऊंनी जेवण आमच्याकडेच ठेवलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. वाढायला मनीषा होती. यावलकडची मुलगी, आईबाप केळीच्या बागांत मजुरीला जातात, ही इथं राहून नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. हात स्वच्छ, बोलणं कमी.

बट्टीवर तूप सोडताना मुलाच्या बाहीवर एक थेंब पडला. ती "सॉरी दादा" म्हणाली. त्यानं बाहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, शेवेची वाटी उचलली आणि सावकाश जमिनीवर उपडी केली.

"उचल. एकेक."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याचे वडील हसून म्हणाले, "आमचं पोरगं थोडं तापट आहे." मोठे भाऊ ताटात बघू लागले. मनीषा गुडघ्यावर बसली आणि खरोखर एकेक शेव उचलायला लागली. मी गल्ल्यावरून उठेपर्यंत कॅप्टन तिथं पोहोचले होते.

"ऊठ पोरी," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "आठे बठ. आज तू पाव्हनी शे."

शेजारच्या टेबलावर तिला बसवलं. ताट मांडलं, बट्टी कुस्करली, वरण ओतलं, वरून तुपाची धार धरली. मग झाडू आणून स्वतः शेव भरली. मुलगा खुर्ची मागे ढकलून उठला. त्याच्यामागे वडील, काका. सोयरिकीला आलेली माणसं भरल्या ताटावरून उठून गेली. आमच्याकडे याहून वाईट काही होत नाही.

मोठे भाऊ त्याच दुपारी बसले आणि दोनच वाक्यं बोलले. "यानं धुळ्याला येऊन माफी मागायची. नाहीतर हा जाईल आणि तुम्हीही जागा खाली करा." माझे यजमान जमिनीकडे बघत होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मनीषा आतून आली. "मोठे भाऊ, तूप माझ्या हातून सांडलं. मी येते माफी मागायला."

"तू टेबलं पूस!" कॅप्टन तिच्यावर असे खेकसले की ती मागे सरली. मग मोठ्या भाऊंकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माफी मागायची ना? कधी निघायचं?"

मी थक्क झाले. मला वाटलं होतं, हा माणूस नॅपकिन टाकून चालता होईल. सगळ्या पोरांनाही तसंच वाटलं होतं, त्यांची तोंडं पडली. नंतर भटारखान्यात मी विचारलं, "तुमची चूक नसताना?"

"पोरीला मागायला लावली असती तर मी अडवलं असतं," ते म्हणाले. "मी मागितली तर काय झिजतो? मला सवय आहे वहिनी. तिला ती लागायला नको."

धुळ्याला काय झालं ते मोठ्या भाऊंनीच मला सांगितलं. सगळे सोफ्यावर बसले होते, कॅप्टन दारात चपलांपाशी उभे. हात जोडून म्हणाले, "पाहुणे आमच्या दारातून उपाशी गेले. असं व्हायला नको होतं. चूक झाली." खोटं काहीच नव्हतं त्यात. मुलगा म्हणाला, "तिथून नाही. इथं ये, पाय धरून म्हण." त्याचे वडील चहा पीत होते. मुलाची आई म्हणाली, "धर की, मोठ्या घरचा मुलगा आहे."

कॅप्टन पुढे गेले आणि वाकायला लागले.

मोठ्या भाऊंनी त्यांचा दंड धरला. "चला," एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले. चहा तसाच राहिला, सोयरीकही तिथेच राहिली. ज्यांच्या आवाजाला आमचं सगळं घर दचकतं, ते मला हळू आवाजात म्हणाले, "माझी मुलगी त्या घरात द्यायला निघालो होतो मी. बापाच्या वयाच्या माणसाला वाकवतात आणि आई म्हणते, धर की."

त्यानंतर मोठ्या भाऊंनी कॅप्टनना काढण्याची गोष्ट कधी काढली नाही. कॅप्टन आणखी काही वर्षं आमच्याकडे होते, मग गुडघे गेले आणि चोपड्याला मुलीकडे राहायला गेले. फोनवर बोलतात. पोरांची चौकशी करतात, माझी नाही. मनीषा आता जळगावात नर्स आहे.

मला मात्र धुळ्याच्या त्या घरापेक्षा परतीच्या रस्त्यात झालेल्या बोलण्याचा धक्का जास्त बसला. पारोळ्याच्या पुढे आल्यावर मोठे भाऊ गाडी चालवता चालवता म्हणाले, "कॅप्टन, तुम्ही खरंच धरणार होतात?"

"धरले असते भाऊ," कॅप्टन म्हणाले. "बायको अंथरुणाला खिळलीय. मला नोकरी पाहिजे."

बायको आजारी आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते, की या माणसाला नोकरीची पर्वा नाही, म्हणून तो हे करू शकतो. नोकरी जाईल ही भीती त्याला दर वेळी वाटत असणार. आणि तरी तो वाकून विचारत होता, काय घेणार.