एस्तरआजीचा ओटा

आज एस्तरआजीच्या दफनविधीला चार जण बोलले आणि चौघांनीही तिची सगळ्यात मोठी गोष्ट गिळून टाकली.

"प्रार्थनेची बाई होती," म्हणाले.

होती ना. त्याच प्रार्थनेनं तिनं माझी सोयरीक मोडली होती. ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. चर्च लहान, कान मोठे. रविवारी चर्चमध्ये बोललेलं घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशींनासुद्धा कळतं.

पप्पांनी माझं लग्न ठरवलं होतं. मला ते करायचं नव्हतं. घरी बोलायची हिंमत नव्हती, म्हणून शेजारच्या एस्तरआजीला सांगितलं. तिला एकटीला. रडत रडत.

आजी म्हणाली, "मी प्रार्थना करीन."

केली की! पुढच्याच रविवारी, भर चर्चमध्ये, उभी राहून, डोळे मिटून.

"प्रभू, आमच्या स्नेहलचं मन या सोयरिकीवरून उडालंय. तिला ह्यो पोरगा नको हाय. तिचं मन जाग्यावर आन."

पहिल्या बाकावर मुलाचा मामा बसला होता.

सगळं चर्च म्हणालं, आमेन.

पप्पा म्हणाले नाहीत.

संध्याकाळपर्यंत सोयरीक मोडली. पप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आणि आमच्या यूथमधल्या, म्हणजे चर्चच्या तरुण मंडळातल्या, प्रत्येकानं खूणगाठ बांधली, की मोठ्यांना काही म्हणजे काही सांगायचं नाही.

उपासना चालू असताना पोरं बाहेर गाड्यांवर बसून मोबाईल बघायला लागली. चर्चची कमिटी म्हणाली, आजकालच्या पोरांचा विश्वासच राहिला नाही.

होता हो. देवावर होता. तुमच्यावर नव्हता.

आजीला मात्र ते कळलं. घरी आली. "चुकलं माझं, पोरी."

मीही तापलेलीच होते. म्हटलं, "चूक चर्चमध्ये केलीस आणि माफी मागायला चुलीपाशी आलीस होय?"

आजी आल्या पावली परत गेली. मला वाटलं, संपलं.

रविवारी ती पुन्हा उभी राहिली. या वेळी डोळे उघडे होते.

"मी प्रार्थनेच्या नावाखाली चुगली केली. देवाला सांगायचं हुतं तर मनात सांगितलं असतं. मी तुमाला ऐकवलं. स्नेहल, मला माफ कर."

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "आपण गीत घेऊ या."

"थांबा साहेब, माझं झालं न्हाई." आजी दाराकडे वळली आणि बाहेर गाड्यांवरच्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शुक्रवारी सांजच्याला माझ्या ओट्यावर या. तुमी काय बी सांगू नका. पहिलं मी सांगन."

आम्ही तिघंच गेलो. मी तर टोमणे मारायच्याच तयारीनं.

सत्तरी ओलांडलेली बाई. नवऱ्याला, मुलांना, पाळकांना, कुणालाच आयुष्यात न सांगितलेलं तिनं त्या ओट्यावर आम्हाला सांगितलं. थांबत थांबत, पदराला हात पुसत.

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका. इनबॉक्समध्ये तर अजिबात नको.

तिचं सांगून झालं. चहा झाला. मग आमच्यातला एक जण आपणहून बोलायला लागला.

त्यानंतर दर शुक्रवारी ओटा भरत गेला. आधी आजी बोलायची, मग ज्याला वाटेल तो. गाड्यांवरची पोरं रविवारी आत येऊन बसायला लागली. आणि ओट्यावरचा एक शब्द कधी बाहेर गेला नाही. म्हशींना अजून काही माहीत नाही.

आज मूठमाती झाल्यावर कमिटीतल्या एका काकांनी मला बाजूला घेतलं.

"स्नेहल, शुक्रवारची ती बैठक आता चर्चमध्ये घ्यायची, कमिटीसमोर. पोरं काय बोलतात ते मोठ्यांना कळायला पाहिजे."

"नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे नाही, काका. तुम्हाला यायचं तर जरूर या. पण पहिलं तुम्ही सांगायचं."

काकांना एकदम मंडपवाल्याशी बोलायचं आठवलं.

मला उद्धट म्हणा. ठराव करा. यूथमधून माझं नाव काढा. बैठक बंद होणार नाही. या शुक्रवारी ती आमच्या घरी आहे, आणि दार उघडं आहे.

येताना गाडीवर मागे बसून हे सगळं पप्पांना सांगितलं. पप्पा आता बोलतात माझ्याशी, पण कामापुरतं.

दारात गाडी लावली. किल्ली काढली. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"शुक्रवारी मी बसलो तर चालंल का?"

"अट माहीत आहे ना, पप्पा?"

"व्हय," ते म्हणाले. "पहिलं मी सांगन."

आजी, ऐकलंस?

तू सांगितलेलं माझ्यापाशी आहे. माझ्यापाशीच राहील.

सलाम, आजी. नीज निवांत.